बी न धरणारं झाड

देवळाली कॅम्पातल्या मामींच्या घराला तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीच्या कडेला, वळचणीखाली, मातीची एक कुंडी आणि तिच्यात ते झाड. जाता-येता पदर किंवा दप्तर त्याला घासलं की गुलाबाचा वास सुटायचा. गुलाब मात्र त्यावर कधीच फुलला नाही. फुलं यायची ती बारीक, फिकट गुलाबी आणि बिनवासाची. वास सगळा पानांत. आम्ही भाचवंडं त्याला 'वासाचं झाड' म्हणायचो. जिरेनियम हे नाव मला फार उशिरा कळलं.

१९८८ साली मामा-मामी उटीला गेले होते. तिथल्या एका माळ्याने मामींना एक फांदी तोडून दिली. मामींनी ती ओल्या रुमालात गुंडाळली आणि दोन दिवसांच्या प्रवासात रुमाल सुकला की पुन्हा ओला करत देवळालीपर्यंत आणली. पुढे झाडाचं खोड जून झालं, की दर चार-पाच वर्षांनी त्याचीच फांदी लावून त्या ते नवं करत आल्या. म्हणजे पायरीवरचं झाड उटीच्या त्या फांदीचंच होतं, तिचं मूल नव्हे, तीच.

२०२२ च्या मे महिन्यात ते घर विकायचं ठरलं. मामी ठाण्याला मुलाकडे राहायला जाणार होत्या. सामान बांधताना त्या मला म्हणाल्या, "हे तू ने गं. तिकडे नीट जागा लागेपर्यंत माझ्याच्याने काही जमायचं नाही." मी विचारलं, "मामी, फांदी लावायची कशी?" त्या म्हणाल्या, "त्यात काय आहे? मोडायची आणि खोचायची."

मी तेवढंच ऐकलं.

नाशकात इंदिरानगरला आमच्या घराला छोटी गच्ची आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर मी सहा फांद्या मोडल्या. पावसाळा म्हणजे लावणीचा काळ, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सासरच्या शेतातून आणलेली काळी माती, त्यात निम्मं शेणखत, भरपूर पाणी आणि ओल टिकावी म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी. आठवडाभर पानं टवटवीत होती. नवव्या दिवशी मातीलगत खोडावर शाई सांडल्यासारखा काळा पट्टा दिसला. दुसऱ्या दिवशी तो बोटभर वर चढला होता. हळूच दाबलं तर साल सुटून हातात आली. आतला गाभा पाणचट झालेला, त्याला कुजक्या बटाट्याची घाण. आणि त्याच फांदीचं शेंड्याकडचं पान चुरगळलं, तर अजून गुलाबाचा वास येत होता. ते मला फार लागलं.

सहाच्या सहा गेल्या. मग चार फांद्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या. पाणी गढूळ झालं, देठ बुळबुळीत झाले. जुलैत मुळं फुटायची पावडर आणून आणखी चार लावल्या, पण माती तीच काळी आणि पाऊस तोच. एकूण चौदा फांद्या वाया गेल्या. ऑगस्टच्या मध्यावर मूळ झाडाच्याही दोन जाड फांद्या बुडाशी काळ्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा मात्र मी घाबरले. चौतीस वर्षं जपलेली गोष्ट माझ्या गच्चीवर तीन महिन्यांत संपणार होती. तसं ते बाजारात मिळतं. अलीकडे आपल्या नगर-नाशिक भागात तेलासाठी जिरेनियमची शेती होते आणि रोपं विकतही मिळतात. पण ते मामींचं नसतं.

या झाडाच्या बाबतीत हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. तेलासाठी लावतात ती गुलाबाच्या वासाची जात संकरातून आलेली आहे आणि तिला बी जवळजवळ धरतच नाही. वाढवायची तर फांदीनेच. कुठल्याही अंगणात ती दिसली, तर कुणीतरी कधीतरी कुणाला तरी एक फांदी दिलेली असते. ही साखळी एका जागी तुटली, की तेवढी शाखा संपली.

मी वाचायला लागले. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडचं. शास्त्रीय नाव पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ मध्ये त्याला जिरेनियम या गटात टाकलं, १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. पेलार्गोस म्हणजे ग्रीकमध्ये करकोचा, फळ त्याच्या चोचीसारखं लांब असतं म्हणून. पानांवर जी मऊ लव असते तिच्यातल्या सूक्ष्म ग्रंथींत तेल असतं. त्या तेलातले जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल हेच घटक गुलाबाच्या अत्तरातही असतात, म्हणून वास गुलाबाचा. मोगलांच्या काळात नाशकाला गुलशनाबाद म्हणत. त्या नावाच्या गावात हा वास टिकायलाच हवा, असं मला तेव्हा फार वाटलं.

खरी उपयोगाची गोष्ट वेगळीच सापडली. लखनौला सीमॅप म्हणून औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था आहे. मैदानी भागात जिरेनियम मरतं ते थंडीने नव्हे, पावसाळ्याने, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी ओळखलं होतं. म्हणून मातृरोपं पावसात पॉलिथिनच्या छपराखाली जपायची आणि लावणी हिवाळ्यात करायची, अशी स्वस्तातली पद्धत त्यांनी बसवली. मी बरोबर उलट करत होते. मूळ झाडाच्या काळ्या फांद्या कापून टाकल्या आणि कुंडी गच्चीवरून उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, छज्जाखाली ठेवली. आठवड्यातून एकदाच पाणी. ते तगलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही पिंपळगाव बसवंतला गेलो. माझ्या मिस्टरांच्या सहकाऱ्याच्या वडिलांची तिथे द्राक्षांच्या रोपांची नर्सरी आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. डॉगरिज या द्राक्षाच्या जातीच्या काड्या रुजवून खुंट तयार करायचे आणि त्यावर कलम भरायचं, यात त्यांची उभी हयात गेली. जिरेनियम त्यांनी कधी लावलं नव्हतं. मी नेलेली फांदी त्यांनी हातात घेतली, वाकवून पाहिली, नखाने टोचून पाहिली.

"ताई, ही काडी रसाळ आहे. हिच्या पोटातच पानी आहे. तुम्ही वरून अजून पाजलं."

मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी फळीवर खडूने लिहून ठेवलं आहे: "काडीला पानी नको, ओल पाहिजे." पाणी म्हणजे मातीतल्या सगळ्या फटी भरून बसतं ते. ओल म्हणजे कणांना चिकटलेली, मधल्या फटींत हवा शिल्लक ठेवणारी. मुळं फुटायच्या आधी काडीच्या बुडाला हवा लागते, ती कोंडली की बुरशी जिंकते. नानांनी मुठीत मिश्रण घेऊन दाबून दाखवलं. बोटांतून थेंब गळायला नको आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटायलाही नको.

त्यांनी डोळाही दाखवला. द्राक्षाच्या काडीला पेराच्या गाठीवर डोळा असतो, मुळं त्या गाठीजवळ जोमाने फुटतात. म्हणून खालचा काप गाठीच्या जरासा खाली घ्यायचा, मधल्या पेरात नाही. काडीत मुळं धरायला लावणारं द्रव्य शेंड्याकडून बुडाकडे उतरतं आणि कापाशी साठतं, म्हणून काडी उलटी लागली तर बसत नाही. त्यांच्याकडे हजारो काड्या एकदम असतात, तेव्हा खालचा काप सरळ आणि वरचा तिरका घेतात, म्हणजे लावणाऱ्याचा गोंधळ होत नाही. "कात्री नको," ते म्हणाले, "कात्री चेपते. ब्लेड घ्या, नवं."

घरी येऊन मी मूळ झाडाची कुंडी बदलायला घेतली आणि थबकले. कुंडीच्या तळाशी जवळजवळ तिसरा हिस्सा फुटक्या कौलांचे तुकडे होते. त्यावर तांबूस मुरूम, मग माती आणि तीही चाळलेली. इतकी वर्षं मी ते झाड पाहिलं होतं, कुंडीच्या पोटात काय आहे ते पाहिलंच नव्हतं. जागाही आठवली: वळचणीच्या आत, पागोळीचं पाणी पुढच्या पायरीवर पडायचं, कुंडीत नाही. मामींचं सगळं बरोबर होतं. ते सांगण्याजोगं आहे, हे त्यांना कधी वाटलं नव्हतं.

भाऊबीज होऊन गेल्यावर, ३० ऑक्टोबरच्या रविवारी, मी पुन्हा लावणी केली. नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, म्हणून क्रश सँड आणली. ती तशीच वापरू नका, हे मी कळकळीने सांगते. तिच्यातली दगडाची भुकटी पाण्याने सिमेंटसारखी बसते. मी बादलीत पाच-सहा पाण्यांनी धुतली, तांदूळ धुतो तशी, वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवली आणि तीही दोनदा पिळून धुतली, कारण त्यात क्षार असतात. दोन भाग वाळू, एक भाग कोकोपीट. खत अजिबात नाही. ज्याला मूळच नाही त्याला खत कशाला?

फांद्या सकाळी घेतल्या. अगदी कोवळा शेंडा नाही, लाकडासारखी जून झालेली नाही, वाकवली तर लवते पण लोळत नाही अशी. प्रत्येक साधारण बोटभर, तीन-चार गाठींची. ब्लेड स्पिरिटने पुसून गाठीच्या खाली एकच काप. खालची पानं काढली, वर दोन-तीन ठेवली, कळी होती तिथे कळी खुडली. जिरेनियमच्या देठाशी दोन्ही बाजूंना पापुद्र्यासारखी छोटी उपपर्णं असतात. पान खुडलं तरी ती खोडाला चिकटून राहतात, मातीत गेली की कुजतात आणि कूज तिथून खोडात शिरते. माझ्या पहिल्या लावणीत मी ती तशीच ठेवली होती. या वेळी नखाने एकेक सोलून काढली.

आणि मग लावल्या नाहीत. बारा फांद्या वर्तमानपत्रावर सावलीत पसरून ठेवल्या, संध्याकाळपर्यंत. हे सगळ्यांत अवघड गेलं. कापलेली फांदी लगेच पाण्यात घालावी असं हाताला वाटत राहतं. दुपारी पानं थोडी मलूल झाली तेव्हा दोनदा उठून पाहून आले. पण कापाची जागा सुकून तिच्यावर फिकट पापुद्रा धरला होता. रसाळ खोडाला हे लागतं, तोंड मिटल्याशिवाय मातीत गेलं की बुरशीला दार उघडंच.

अर्ध्या फांद्यांना पावडर लावली, अर्ध्या तशाच ठेवल्या. लावण्यासाठी मी चहाचे पारदर्शक प्लास्टिकचे कप घेतले, बुडाला गरम सुईने भोकं पाडली आणि बाहेरून काळा कागद गुंडाळला. मुळांना अंधार आवडतो, पण कागद सरकवला की मला आत दिसणार होतं. उपटून बघायचा मोह त्यामुळे टळला. म्हणजे बराचसा टळला. बाराव्या दिवशी एक फांदी मी हलकेच ओढली, ती सुटून आली. बुडाशी कापाच्या कडेने पांढरट दाणेदार वळी धरली होती, भिजलेला साबुदाणा चिकटावा तशी. मुळं अजून नव्हती, पण तयारी चालू होती, आणि मी ती मोडली. ती फांदी परत लावली, ती काही जगली नाही.

पिशवी घातली नाही. सकाळचं कोवळं ऊन, नंतर सावली. कप हाताला हलका लागला तरच बशीत पाणी, दहा मिनिटांनी उरलेलं ओतून द्यायचं. तेविसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, कागद सरकवला तर एका कपाच्या भिंतीला लागून एक मूळ होतं. शेवयांपेक्षा जाड, दुधासारखं पांढरं, टोकाला किंचित पिवळट. मी मुलाला उठवून दाखवलं. आठवडाभरात आणखी आठ कपांत दिसली. बारापैकी नऊ. दोन काळ्या पडल्या, एक माझ्या हाताने गेली. पावडर लावलेल्यांना मुळं दोन-तीन दिवस आधी आली, संख्येत मला फरक दिसला नाही. नाशिकची नोव्हेंबरची हवा, दिवसा उबदार आणि रात्री गार, कोरडी, हीच खरी औषध ठरली असं माझं मत आहे.

त्या यशाच्या जोरावर मी हिवाळाभर जे हाती लागेल त्याच्या काड्या लावल्या. पुदिना सगळ्यांत उदार. भाजीबाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्यांना गाठीशी आधीच मुळांचे बारीक कोंब असतात, ग्लासात ठेवल्या की आठवड्यात मुळं. ओव्याच्या पानाचं तर काय सांगावं, खुडताना खाली पडलेला तुकडाही लागतो. गवती चहाला फांदीचा प्रश्नच नाही, ठोंब फोडायचा आणि वेगळा लावायचा. मरवा, जो आपण गजऱ्यात आणि वेणीत घालतो, तोही काडीने छान येतो, फक्त त्याला ओल जिरेनियमपेक्षा जास्त हवी. पातळ काडी, पोटात पाणी नाही, पानं बारीक आणि पुष्कळ. तिला सुकवत ठेवलं तर संपली. तिथे पिशवी उपयोगी पडते, पण रोज सकाळी काढून वारा द्यायचा. नानांनी फांदी वाकवून, नखाने टोचून का पाहिली होती, ते मला मरव्यापाशी नीट कळलं. कुठल्या झाडाची काडी लावायची हे नावावरून ठरवायचं नाही, काडीच्या अंगावरून ठरवायचं.

रोझमेरीने परीक्षा पाहिली. फुलं न धरलेले कोवळे शेंडे, बोटापेक्षा थोडे लहान, खालची सुयांसारखी पानं वरून खाली हलक्या हाताने ओरबाडून काढलेली. तीन आठवडे झाले, चार झाले, काही नाही. पानं हिरवी होती म्हणून टाकवेना. सातव्या आठवड्यात शेंड्याला फिकट, कोवळी वाढ दिसली, आणि मग कागद सरकवला तर केसासारखी मुळं. दहातल्या चारच लागल्या, पण लागल्या. जिरेनियमच्या घाईत असते तर मी त्या पाचव्या आठवड्यातच फेकल्या असत्या.

एक तक्रार मात्र मनात आहे. त्याच हिवाळ्यात एका नर्सरीत मला 'डास पळवणारं झाड' म्हणून तीनशे रुपयांना एक कुंडी विकली गेली. ते लिंबाच्या वासाचं जिरेनियमच होतं. झाड उत्तम आहे, त्याच्या फांद्याही याच पद्धतीने लागल्या. पण कुंडी नुसती ठेवल्याने डास जात नाहीत. संध्याकाळी त्याच्याच पानावर डास बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. पान चुरगळल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, मग न हललेल्या झाडाने डासांना काय कळणार? घरात लहान मूल आहे म्हणून कुणी त्याच्या भरवशावर मच्छरदाणी काढू नये.

डिसेंबरच्या शेवटी थंडी वाढली, रोपांची वाढ थांबल्यासारखी झाली. मी पाणी आणखी कमी केलं. संक्रांतीनंतर ती पुन्हा हलली. मुळं कपात गोल फिरायला लागल्यावर रोपं सहा इंची मातीच्या कुंड्यांत हलवली. तळाशी फुटकी कौलं, मग मुरूम, मग चाळलेली माती. कौलांसाठी मी जुन्या नाशकात एका पाडकाम चाललेल्या वाड्यापाशी जाऊन पिशवीभर तुकडे मागून आणले. प्रत्येक रोपाचा शेंडा खुडला, म्हणजे बाजूने फुटवे येतात. दोन रोपं नानांकडे गेली, एक शेजारच्या काकूंकडे, दोन बहिणीकडे सातपूरला. एकाच गच्चीवर सगळी ठेवायची नाहीत, हे मी ऑगस्टमध्येच शिकले होते. मूळ झाड पुढच्या पावसाळ्यात गेलं. वाईट वाटलं, पण धसका बसला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मी एक रोप घेऊन ठाण्याला गेले. बाराव्या मजल्यावर, मामींच्या खोलीच्या खिडकीला ग्रिल आहे, तिथे तुळस आणि कोरफड होती. मी कुंडी समोर ठेवली. मला वाटलं, त्या पान चुरगळून वास घेतील. त्यांनी चष्मा लावला, झाड फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं, एक फांदी निवडली, अंगठ्याचं नख गाठीच्या खाली लावलं आणि टचकन मोडली. खालची तीन पानं खुडली. मग बोलता बोलता, माझ्याकडे बघत, ठाण्याच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत, त्यांनी नखाने ते दोन-दोन पापुद्रे सोलून काढले आणि फांदी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली.

"मामी, खोचत नाही?"

"खोचेन की. आधी चहा घेऊ, जेवण करू. तोंड सुकू दे तिचं."

चार वाजता, वामकुक्षी झाल्यावर, त्यांनी ती तुळशीच्या कुंडीच्या कडेला लावली.